नोकिया एन९५ : सगळं दिलं, यूएसबीतून चार्जिंग तेवढं राहिलं

एन९५ च्या खालच्या कडेला दोन भोकं आहेत. एक मिनी-यूएसबीचं, दुसरं बारीक पिनचं. यूएसबी केबल लावली की गाणी जातात, फोटो येतात, फर्मवेअर म्हणजे फोनचं आतलं मूळ सॉफ्टवेअरही चढतं. वीज मात्र शून्य. चार्जिंग होतं ते २ मिमीच्या बारीक पिनमधूनच. ज्याला हे माहीत नाही तो फोन घेऊन तालुक्याच्या मोबाइल शॉपीत जातो. काउंटरवरचा पोरगा केबल लावतो, बॅटरीच्या कांड्या हलत नाहीत हे दाखवतो आणि "पोर्ट उडालं, बदलावं लागते" म्हणून मोकळा होतो. पोर्ट उडालेलं नसतं, कंपनीनंच ते तसं बनवलेलं आहे. त्या पोर्टच्या "रिपेरिंग"चं बिल हातात पडलं म्हणूनच २००८ च्या शेवटी हे लिहायला घेतलं, त्यामुळे सूर थोडा कडू लागला तर चालवून घ्या.

फोनची माहिती सगळ्यांना आहे, म्हणून थोडक्यात. २६ सप्टेंबर २००६ ला जाहीर झाला, मार्च २००७ मध्ये बाजारात आला. ५ मेगापिक्सेल कॅमेरा, कार्ल झाइसची लेन्स, जीपीएस, वाय-फाय, २.६ इंची स्क्रीन, वर सरकवला की आकडे, खाली सरकवला की गाण्याची बटणं. २००२ च्या ७६५० या फोनपासून नोकियानं कॅमेरा आणि सिम्बियन (फोन चालवणारी प्रणाली) एकत्र आणलं, २००५ मध्ये एन७०, एन९०, एन९१ काढून एन-सिरीज सुरू केली, आणि त्या सगळ्यांत जे जे सुटं होतं ते एन९५ मध्ये एकाच डबीत कोंबलं. कोंबताना बॅटरीला जागा उरली नाही.

बॅटरी आहे बीएल-५एफ, ९५० एमएएच (किती वीज मावते त्याचं माप). दुखणं इथून सुरू होतं. नोकियाच्याच ६६०० ला, एन७० ला, ११०० ला, सगळ्यांना बीएल-५सी चालते आणि ती पानठेल्यावरही मिळते. एन९५ ला तीच दिली असती तर आमच्यासारख्या ठिकाणी दोन जास्तीच्या बॅटऱ्या खिशात ठेवून दिवस निघाला असता. ५एफ ची मापं वेगळी, ती ई६५ आणि एन९३आय सारख्या महागड्या मॉडेलांत जाते, आणि खेड्यात ते फोन कोणाकडेच नसल्यामुळे दुकानदार ठेवत नाही. (५सी ची बाजू फार घेऊ नये हेही खरं. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं मात्सुशिता या जपानी कंपनीकडे बनलेल्या ४ कोटी ६० लाख ५सी बॅटऱ्यांबद्दल इशारा देऊन त्या बदलून दिल्या होत्या, कारण चार्जिंग करताना त्या तापत होत्या. पण मिळतात तरी!)

डुप्लिकेट ५एफ घेताना वरच्या आकड्याकडे पाहू नका. "२२०० एमएएच" असं छापलेली येते. तेवढ्याच आकाराच्या अस्सल बॅटरीत कंपनीला ९५० च बसवता आलं, तर गल्लीतल्या छापखान्यात दुप्पट कुठून येणार? हातात घेऊन पाहा, नकली बॅटरी बहुतेक हलकी लागते. सपाट टेबलावर ठेवून बोटानं फिरवा. गरगर फिरली तर पोट फुगलं आहे, घेऊ नका. एन९५ ८जीबी मध्ये १२०० एमएएच ची बीएल-६एफ आहे म्हणून ती आणायचा विचार अनेकांना सुचतो. ती जाड आहे, साध्या एन९५ चं झाकण तिच्यावर लागत नाही.

आता चार्जर. डब्यात एसी-५ येतो, ५ व्होल्ट ८९० मिलिअँप. तो जपा. गावात "बारीक पिनचा नोकिया" म्हणून जो सगळ्यांच्या घरी असतो तो बहुधा एसी-३, म्हणजे ३५० मिलिअँपचा. पिन बसते, कांड्या हलताना दिसतात, पण वेळ दुपटीहून जास्त लागतो. रात्री दीड-दोन तास लाइन येणार असेल तर एसी-५ नं फोन जवळपास भरतो, एसी-३ नं निम्म्याच्या थोडाच पुढे जातो. जुने जाड पिनचे चार्जर घरात पडून असतील तर सीए-४४ नावाचं छोटं जोडपिन लावून ते चालतात. आणि यूएसबीतून चार्ज करायचंच असेल तर सीए-१०० केबल घ्या, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला बारीक पिन. म्हणजे संगणकाला फोन जोडून चार्जही करायचा असेल तर दोन केबली आणि संगणकाची दोन भोकं. ही गंमत ज्यानं आखली त्याला एकदा भारनियमनात आणून बसवलं पाहिजे.

भारनियमन आहे तिथे खरा उपाय डीसी-४ हा गाडीचा चार्जर. १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर चालतो. ट्रॅक्टरला सिगारेट लायटरचं सॉकेट नसतं, ते सुटं विकत मिळतं. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज टाकून वायर आणा, सॉकेटच्या मधल्या टोकाला धन आणि बाहेरच्या कड्याला ऋण. फ्यूज टाळू नका, वायर पत्र्याला घासली की थेट जाळ होतो. बारीक पिन कापून १२ व्होल्टला सरळ जोडणारेही हुशार लोक आहेत. त्यांचा फोन मग शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचा. चिमट्याचा चार्जर, ज्यात बॅटरी काढून लावतात, तो अडल्या-नडल्याला ठीक, पण बॅटरी भरल्यावर तो थांबेलच याची खात्री नाही. उन्हाळ्यात टिनाखाली तर नकोच. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखाली तेवढं दुपारी सहज असते.

बॅटरी वाढवता येत नाही, खर्च कमी करता येतो. यातलं सगळ्यात मोठं कारण कोणी सांगत नाही. फोन आल्याबरोबर ड्युअल मोडवर असतो, म्हणजे जीएसएम बरोबर थ्रीजीही शोधत राहतो. २००८ संपत आलं तरी आपल्या भागात थ्रीजी नव्हतं, त्यामुळे तो दिवसभर नसलेली गोष्ट शोधायचा. टूल्स, सेटिंग्ज, फोन, नेटवर्क, नेटवर्क मोड इथं जाऊन "जीएसएम" करा. लगेच वायरलेसमध्ये जाऊन वायरलेस लॅन दाखवणं "नेव्हर" करा, आणि पॅकेट डेटा "व्हेन नीडेड" वर ठेवा. एवढ्या तिन्ही गोष्टींनी संध्याकाळपर्यंत टिकणारा फोन दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत जातो. टॉवर दूर असेल तर मात्र काही उपाय नाही. सिग्नल क्षीण असला की फोन पूर्ण ताकदीनं ओरडतो, बॅटरी त्यातच जाते. वावरात एकच कांडी येत असेल तर काम झाल्यावर ऑफलाइन प्रोफाइल लावून ठेवणं बरं.

व्हिडिओ कॉलसाठी समोर छोटा कॅमेरा दिला आहे. थ्रीजी नव्हतं तेव्हा तो नुसता आरसा.

मागचा कॅमेरा मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि इथं मत बदलावं लागलं. जुन्या फर्मवेअरवर झाकण सरकवल्यापासून फोटो निघेपर्यंत एवढा वेळ लागायचा की बैल चौकटीतून निघून जायचा. २००७ च्या शेवटी आलेल्या व्ही२० या फर्मवेअरनं फरक पडला. आधी प्रोग्रामचा सगळा मजकूर ६४ एमबी रॅममध्ये चढायचा आणि दोन-तीन गोष्टी उघडल्या की मेमरी फुल्ल व्हायची. व्ही२० पासून लागेल तेवढंच पान रॅममध्ये येतं, बाकीचं नंतर. कॅमेरा लवकर उघडतो, गाणी चालू असताना ब्राउझर आपोआप बंद पडत नाही. तुमच्याकडे कोणतं फर्मवेअर आहे ते *#००००# दाबून कळतं. त्यात व्ही१० किंवा व्ही११ दिसलं तर आधी अपडेट करा आणि मग फोनला नावं ठेवा.

अपडेटला पथ्य आहे (नोकियाची ही अपडेट सेवा आता बंद आहे, हे २००८ चं सांगतो). तो संगणकावरून करावा लागतो आणि फोनमधलं सगळं पुसतो. म्हणून आधी पीसी सूट या नोकियाच्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये बॅकअप, मेमरी कार्ड काढून बाजूला, फोन पूर्ण चार्ज. डेस्कटॉपवर करू नका. मध्येच लाइन गेली तर फोन मरतो आणि मग जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन जावं लागते. बॅटरी असलेला लॅपटॉप वापरा, नाहीतर इन्व्हर्टर असलेला सायबर कॅफे, आणि तिथं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी आहे का ते बसायच्या आधी विचारा. जीपीआरएसवर ही फाइल उतरवण्याच्या भानगडीत पडू नका.

फोटोचं म्हणाल तर कपाशीच्या पानाखालचे तुडतुडे या फोनमध्ये ओळखू येतात. कॅमेऱ्यात क्लोज-अप मोड लावा, पान साधारण दहा सेंटिमीटरवर धरा, बटण अर्धं दाबा, चौकट हिरवी झाली की पूर्ण दाबा. लाल राहिली तर थोडं मागे सरका. वाऱ्यात पान हलतं म्हणून देठ दुसऱ्या हातानं धरा, आणि पानावर स्वतःची सावली पडू देऊ नका. पिठ्या ढेकूण, लाल्या, सगळं कृषी केंद्रात दाखवता येतं. फक्त एमएमएसनं पाठवू नका, फोटो आकसून जातो आणि कीड ठिपका होऊन बसते. ब्लूटूथनं द्या किंवा कार्ड काढून द्या. फ्लॅश नावापुरता आहे, रात्री जवळच्या वस्तूपुरताच.

ऑगस्ट २००८ मध्ये आपल्याकडे आलेला आयफोन थ्रीजी पाहिला. २ मेगापिक्सेल, व्हिडिओ निघत नाही, ब्लूटूथनं गाणं पाठवता येत नाही. स्क्रीन गुळगुळीत आहे, मान्य. पण तो यूएसबीतून चार्ज होतो, हे लिहिताना जिवावर येतं.

जीपीएसबद्दल लोकांच्या दोन तक्रारी: लवकर लागत नाही, आणि वावर मोजता येत नाही. पहिलीचं कारण बहुतेक धरण्याच्या पद्धतीत आहे. अँटेना आकड्यांच्या कीपॅडखाली आहे. स्लाइड बंद ठेवून फोन खिशात घातला तर काय लागणार? कीपॅड उघडा, आकाशाकडे करा, बोटं आकड्यांवरून काढा, आंब्याखालून बाहेर या. व्ही१२ पासून ए-जीपीएस आहे, ते थोडासा डेटा खाऊन उपग्रहांची माहिती नेटवरून आणते आणि मिनिटांचं काम सेकंदांवर येतं. नेटवर्क नसेल तिथं पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा.

दुसरी तक्रार गणितानं मिटते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, चौकोनी वावर धरलं तर बाजू ६३.६ मीटर. धुऱ्यावरून चालताना प्रत्येक बाजू फक्त ५ मीटर जास्त दाखवली तरी उत्तर ४,७०० च्या वर जातं, म्हणजे साडेसहा गुंठे हवेतून आले. मोकळ्यावरही ५-१० मीटरची चूक या फोनला नेहमीची आहे. तेव्हा धुऱ्याच्या भांडणात एन९५ काढू नका, सरकारी मोजणी करा. विहिरीपासून वावराच्या टोकापर्यंत पाइप किती लागेल हे मात्र तो चांगलं सांगतो. जीपीएस डेटामध्ये ट्रिप डिस्टन्स शून्य करा आणि चालत जा. चारशे मीटरमध्ये दहा मीटर इकडेतिकडे, एक-दोन नळ्या जास्त आणायच्या. नोकिया मॅप्समध्ये आडगावचे रस्ते सापडायचे नाहीत, आणि २००८ मध्ये बोलून वाट दाखवायचे पैसे वेगळे पडायचे.

टीव्ही-आउट ही या फोनमधली सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि गावात सगळ्यात कामाची वस्तू. डब्यातली केबल ३.५ मिमीच्या भोकात, दुसऱ्या टोकाच्या पिवळी-लाल-पांढरी पिना टीव्हीला. सेटिंग पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) ठेवा. लग्नाचा व्हिडिओ ६४०×४८० मध्ये ३० फ्रेमनं घेतलेला असतो, तो जुन्या पेटी टीव्हीवर सीडीपेक्षा चांगला दिसतो. कॅमकॉर्डरची केबल वापरली तर चित्राऐवजी घरघर येते. त्यात कड्यांचा क्रम वेगळा असतो, पिवळी पिन लालच्या जागी लावून पाहा. ग्राउंडच वेगळ्या कडीवर असेल तर ती केबल ठेवून द्या.

६६०० किंवा एन७० चे जुने .सिस प्रोग्राम यावर चालत नाहीत, कारण सिम्बियन ९ पासून सगळं नव्यानं बनवावं लागलं. नव्यांमध्ये "सर्टिफिकेट" ची तक्रार आली तर अॅप मॅनेजरच्या सेटिंगमध्ये इन्स्टॉलेशन "ऑल" करा, ऑनलाइन तपासणी बंद करा, आणि फोनची तारीख बरोबर आहे ना ते पाहा. बॅटरी काढल्यावर तारीख मागे जाते, बरेचदा घोळ तिथेच असतो. याचा फायदाही आहे: ६६०० ला ब्लूटूथवरून लागणारे कॅबिरसारखे व्हायरस यात शिरत नाहीत.

जुना घ्यायचा असेल तर दुकानात उभ्या उभ्या हे करा. स्लाइड दोन्हीकडे हळूहळू दहा वेळा सरकवा. मध्येच स्क्रीन पांढरी झाली, इअरपीसचा आवाज गेला किंवा लाइट मिचकावला तर आतली रिबन (दोन्ही भाग जोडणारी पातळ पट्टी) जायला लागली आहे. ती बदलायला टॉर्क्स (ताऱ्यासारख्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर आणि सवयीचा हात लागतो, जो तो करतो म्हणतो. स्लाइड डगडगत असेल तर भाव पाडा. लेन्सचं झाकण सरकवून कॅमेरा आपोआप उघडतो का पाहा. हेडफोन लावून एफएम ऐका, वायरच अँटेना असते. आणि चार्जर सोबत देत असेल तर त्याच्यावर एसी-५ आहे की एसी-३ ते वाचून मगच पैसे काढा.