संगणक शाखेचा प्रवेश: नाशिक, पुणे की बी.एस्सी.?

नाशिकमध्ये बारावी करून संगणक क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात: शहरातच संगणक अभियांत्रिकी, पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालय, किंवा केटीएचएमसारख्या महाविद्यालयात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. तिन्हींकडे प्रवेशाची शक्यता एकाच मापाने मोजता येत नाही.

पुण्याच्या जागांवर पुण्याच्या मुलांचा आधी हक्क असतो, असे अनेक पालक धरून चालतात. स्वायत्त नसलेल्या खासगी महाविद्यालयांतील राज्य कोट्याच्या जागांपैकी 70 टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील, विद्यार्थ्यांसाठी असतात, हे खरे. पण नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांचे विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच आहे. त्यामुळे नाशिकमधील असो वा पुण्यातील एखादे संलग्न महाविद्यालय, नाशिकच्या विद्यार्थ्याची पात्रता दोन्हीकडे सारखीच धरली जाते. मुंबई विद्यापीठाच्या अशा महाविद्यालयांत मात्र तो बाहेरचा ठरतो. हा हक्क राहत्या पत्त्यावरून नव्हे, तर बारावी कोठून उत्तीर्ण झाली यावरून ठरतो. तयारीसाठी लातूरला जाऊन तिथूनच बारावी दिलेल्या नाशिककराने हे अर्ज भरण्याआधी लक्षात घ्यावे.

म्हणजे नाशिक आणि पुणे यांतील फरक नियमांचा नसून मागणीचा आहे. तो कटऑफच्या यादीत दिसतो, फक्त यादी नीट वाचली पाहिजे. प्रत्येक शाखेखाली 'जीओपनएच', 'एलओबीसीएच' असे रकाने असतात. त्यांतील पहिले अक्षर सर्वसाधारण जागा की मुलींची जागा हे सांगते, मधला भाग प्रवर्ग आणि शेवटचा 'एच' होम युनिव्हर्सिटी. रकान्यात वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल छापलेला असतो. बहुतेकांची नजर कंसातच अडकते; माझ्या मते वरचा क्रमांक अधिक उपयोगी आहे. अभियांत्रिकीच्या सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, तीन लाख परीक्षार्थी धरले, तर अर्धा पर्सेंटाइल म्हणजे दीड हजार विद्यार्थी, आणि परीक्षार्थींची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाइलला क्रमांक मागे जातो. शिवाय पहिल्या फेरीचा आकडा पाहून निराश होणे किंवा शेवटच्या फेरीचा पाहून निर्धास्त राहणे, दोन्ही चूक. टीएफडब्ल्यूएसच्या जागांवर शिक्षण शुल्क माफ असल्याने त्यांचा कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या कटऑफपेक्षाही वर जाऊ शकतो. तिथे नाव लागले नाही, म्हणजे ते महाविद्यालयच हातचे गेले असे नव्हे.

आपला क्रमांक पुण्यातील मध्यम महाविद्यालयाच्या काठावर आणि नाशिकमधील चांगल्या महाविद्यालयाच्या आत बसत असेल, तर मी नाशिकच्या बाजूने कौल देईन, कारण वसतिगृह, मेस आणि येण्याजाण्याचा चार वर्षांचा खर्च त्या फरकातून क्वचितच भरून निघतो. क्रमांक पुण्यातील खरोखर नामांकित महाविद्यालयात बसत असेल, तर मात्र जावे. गरज पडल्यास संगणकाऐवजी माहिती तंत्रज्ञान शाखा घेऊनही जावे.

पसंतीक्रम आवडीनेच लावावा. काठावरचे महाविद्यालय वर टाकल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. मात्र 2025 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी पसंती मिळाली, की ती जागा स्वीकारणे बंधनकारक होते. म्हणून जिथे जायचेच नाही ते नाव वरच्या सहांत कशाला ठेवावे?

बी.एस्सी.चे गणित निराळे आहे. तिथे सीईटी लागत नाही, महाविद्यालय बारावीच्या गुणांवर यादी लावते आणि बारावीला गणित असावे लागते. सीईटीचा पेपर बिघडला पण बोर्डाचे गुण चांगले आहेत, अशांसाठी ही वाट कमीपणाची मुळीच नाही. पुढे एमसीए करता येते. बीसीएसाठी मात्र 2024 पासून वेगळी सीईटी आहे, त्यामुळे ऐनवेळी दोन्हींची अदलाबदल करता येईल असे समजू नये.

अडचण वेळापत्रकाची असते. पदवी महाविद्यालयांच्या याद्या अभियांत्रिकीच्या फेऱ्या संपण्याआधीच लागतात. तेव्हा बी.एस्सी.ची जागा राखायची असेल तर फी भरून ठेवावी लागते आणि मूळ दाखलाही तिथे जमा होतो. प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल आणि दाखला किती दिवसांत हाती येईल, हे फी भरण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे.