७२ तासांची गोळी घेतल्यानंतर पाळी लांबली: थांबावे, घरी तपासावे की रक्त द्यावे?

असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गर्भनिरोधक गोळी घेऊन दोन-अडीच आठवडे झाले, पाळीची तारीख उलटूनही तीन-चार दिवस गेले आणि दिवस तर गेले नसतील ना, ही धास्ती मनातून हटत नसेल, तर तुमच्यापुढे चार पर्याय असतात. आणखी थांबणे, घरी किटवर लघवी तपासणे, लॅबमध्ये रक्त देणे किंवा सोनोग्राफी करून घेणे. पाचवा एक पर्याय मैत्रिणींकडून हमखास सुचवला जातो, तो म्हणजे मेडिकलमधून ‘पाळी आणायच्या गोळ्या’ आणणे. तो निवडू नये, आणि का निवडू नये ते पुढे सांगितले आहे.

आधी पाळी का लांबते ते पाहू. आय-पिल किंवा अनवॉन्टेड-७२ या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते आणि त्याचे मुख्य काम स्त्रीबीज बाहेर पडणे पुढे ढकलणे हे आहे. बीज उशिरा सुटले की पाळीही तितकीच मागे सरकते, म्हणजे नुसता उशीर झाला यावरून गर्भ राहिला असे मुळीच ठरत नाही. बहुतेक जणींना ठरल्या तारखेच्या आगेमागे आठवडाभरात पाळी येते. मात्र गोळीनंतर काही दिवसांत कपड्यांवर दिसणारे रक्ताचे थोडे डाग म्हणजे पाळी नव्हे. त्यांवर विसंबून पुष्कळ जणी निर्धास्त होतात आणि पुढचे महत्त्वाचे आठवडे हातचे जातात. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली असेल, क्षयरोगाचे रिफाम्पिसिन किंवा फिटचे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारखे औषध चालू असेल, किंवा गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आला असेल, तर शंका जास्त गंभीरपणे घ्यावी. बीज पुढे ढकलले गेलेले असते, त्यामुळे नंतरच्या संबंधाला त्या गोळीचे संरक्षण मिळत नाही.

थांबणे हा पर्याय पाळी चुकल्यापासून एका आठवड्यापुरताच योग्य आहे. त्याला खर्च नाही आणि कोणाला काही सांगावे लागत नाही, हे खरे. पण गर्भ राहिलाच असेल तर प्रत्येक आठवड्यागणिक पुढचे उपाय कमी होत जातात. शिवाय डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे संबंधाला तीनच आठवडे झालेले असले तरी केसपेपरवर ‘पाच आठवडे’ लिहिले जाऊ शकते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे अजून भरपूर वेळ हाती आहे असा गैरसमज होतो.

घरची किट हा माझ्या मते बहुसंख्य स्त्रियांसाठी पहिला आणि पुरेसा पर्याय आहे, फक्त दिवस नीट मोजले पाहिजेत. गर्भ गर्भाशयात रुजल्यानंतरच एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागते, त्यामुळे फार लवकर केलेली तपासणी खोटा दिलासा देते. म्हणून पाळीच्या तारखेपेक्षा संबंधाच्या तारखेवरून मोजणे अधिक खात्रीचे: शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवस झाले की उत्तर भरवशाचे मानता येते. समजा, संबंध ३ तारखेला आला आणि पाळी १७ तारखेला अपेक्षित होती. तर २४ तारखेला पाळी आठवडाभर लांबलेली असते आणि २१ दिवसही पुरे होतात, म्हणून त्या सकाळी केलेली तपासणी निर्णायक असते. पण संबंध १२ तारखेला आला असेल तर त्याच २४ तारखेला केवळ १२ दिवस झालेले असतात. तेव्हा ‘नाही’ आले तरी पुढच्या महिन्याच्या २-३ तारखेला पुन्हा तपासावे लागते. गोळीतील औषधामुळे किटचे उत्तर बिघडत नाही.

सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात घ्यावी, ड्रॉपरने किटवर सांगितले असतील तितकेच थेंब टाकावेत आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच, साधारण पाच मिनिटांनी, पाहावे. ‘सी’ आणि ‘टी’ या दोन्ही ठिकाणी रेघ उमटली, मग ‘टी’ची रेघ कितीही फिकी असो, तर गर्भ आहे असे समजून पुढे जावे. ‘सी’ची रेघच आली नाही तर किट खराब आहे, दुसरी घ्यावी. अर्ध्या तासाने उगवलेली पुसट रेघ मात्र जमेस धरू नये.

किट मिळवण्याचा प्रश्न गावात वेगळा आणि शहरात वेगळा. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाची सरकारी किट मोफत मिळते, पण जत किंवा आटपाडीकडच्या लहान गावात आशाताई नात्यातल्याच असू शकतात, आणि एखादीला तो संकोच वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यावर गुप्तता राखण्याची जबाबदारी असते. तरीही मन धजत नसेल तर एसटीने तासगाव, विटा किंवा सांगलीला उतरून कोणत्याही मेडिकलमधून चिठ्ठीविना किट घेता येते.

रक्ताची बीटा एचसीजी तपासणी किटपेक्षा काही दिवस आधी उत्तर देते आणि आकड्यात देते. खर्च मात्र किटच्या कितीतरी पट असतो. पाळी मुळातच अनियमित असेल, किटचे उत्तर संदिग्ध असेल किंवा २१ दिवस थांबणे असह्य होत असेल, तर ती करावी. केवळ किटवर विश्वास नाही म्हणून करण्याची गरज नाही. एक बारीकसारीक वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट: हल्ली लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, म्हणून नावनोंदणीच्या वेळी घरातला सामाईक नंबर न देता स्वतःचा द्यावा, किंवा रिपोर्ट हातीच हवा असे स्पष्ट सांगावे.

सोनोग्राफी या टप्प्यावर सहसा उपयोगी पडत नाही, कारण पाचव्या आठवड्याच्या आधी गर्भपिशवीच दिसत नाही. अपवाद एकच: किट ‘आहे’ म्हणत असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर, घेरी किंवा खांद्यात कळ आली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत रुजल्याची शक्यता असते. अशा वेळी रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता ‘पाळी आणायच्या गोळ्यां’विषयी. मेडिकलवाल्याला विचारून घेतलेल्या संप्रेरकाच्या गोळ्यांनी गर्भ राहिलेला असेल तर तो जात नाही. मधल्या काळात पाळीची वाट पाहण्यात आणखी दहा-बारा दिवस जातात. कच्ची पपई, तीळ-गुळाचा काढा यांचेही तेच. गर्भपाताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे तर याहून धोक्याचे, कारण गर्भ किती आठवड्यांचा आहे आणि तो नलिकेत नाही ना, हे आधी पाहावेच लागते.

उत्तर ‘नाही’ आले आणि तरी आठवडाभरात पाळी आली नाही, तर एकदा पुन्हा तपासून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे; थायरॉइड, पीसीओडी (अंडाशयाचा संप्रेरकांशी निगडित विकार), परीक्षेचा ताण अशी कारणेही निघतात. पाळी येईपर्यंत निरोध वापरावा.

उत्तर ‘आहे’ आले आणि गर्भ नको असेल, तर १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि गोळ्यांनी तो ९ आठवड्यांपर्यंतच होतो. १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला स्वतःची संमती पुरते, पतीची किंवा आई-वडिलांची सही लागत नाही, अविवाहित असणे आड येत नाही आणि तिचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची लेखी संमती लागते, म्हणून घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला लवकर सांगावे. सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाताना शेवटच्या पाळीची, संबंधाची आणि गोळी घेतल्याची अशा तीन तारखा कागदावर लिहून न्याव्यात. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.