उदारमतवादी की पुराणमतवादी? घोषणा सोडून धोरणं पाहू

उदारमतवादी आणि पुराणमतवादी, दोन्ही पक्षांचे जाहीरनामे वाचूनही मत कुणाला द्यायचं हे ठरत नसेल, तर घोषणा बाजूला ठेवून मुद्दे पाहा. आणि नावावर जाऊ नका. ऑस्ट्रेलियातला लिबरल, म्हणजे नावाने उदारमतवादी, पक्ष उजव्या, म्हणजे पुराणमतवादी, बाजूचा आहे!

खरा फरक कर आणि खर्चात दिसतो. उदारमतवाद्यांचा कल श्रीमंतांवर चढे कर लावून आरोग्य-शिक्षणावर खर्च करण्याकडे असतो, तर पुराणमतवादी म्हणतात, कर उतरवा, पैसा लोकांच्याच खिशात राहू द्या. अमेरिकेत पुराणमतवादी अध्यक्ष रेगन यांच्या काळात आयकराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून २८ वर आला, पण सरकारची तूटही फुगली. कर कापणं सोपं, खर्च आवरणं कठीण.

आरोग्यात एकाला सरकारची हमी हवी, दुसऱ्याला खासगी निवड. तरी जर्मनीत १८८३ साली सक्तीचा आरोग्यविमा आणला तो पक्क्या पुराणमतवादी चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्क यांनी.

गर्भपात, समलिंगी विवाह अशा प्रश्नांवर एक बाजू व्यक्तीची निवड मोठी मानते, दुसरी कुटुंब आणि परंपरा. इथेही अपवाद आहेच: इंग्लंडमध्ये २०१३ चा समलिंगी विवाहाचा कायदा पुराणमतवादी पंतप्रधान कॅमेरॉन यांच्या काळातला.

स्थलांतराबाबत पुराणमतवादी सहसा कडक, पर्यावरणाच्या नियमांबाबत सैल.

आजारपणात, बेकारीत सरकारचा आधार हवा असेल, तर उदारमतवादी पक्ष जवळचा वाटेल. कमी कर, कमी नियम आणि सावकाश बदल हवे असतील, तर पुराणमतवादी. एकाच मुद्द्यावर मत अडलं असेल, तर पक्षापेक्षा उमेदवाराचं सभागृहातलं मतदान तपासा.