पाकिटावर एफटीडीआय, आत भलतंच : हँडीची प्रोग्रामिंग केबल घेण्याआधी

टेबलावर एक प्रोग्रामिंग केबल कापून ठेवली आहे : हँडीत, म्हणजे हातात धरायच्या वायरलेस संचात, लॅपटॉपवरून चॅनल भरायची. सोलापुरात नवी पेठेतल्या एका काउंटरवरून ११०० रुपयांना घेतलेली, पाकिटावर 'एफटीडीआय ओरिजनल' असा चंदेरी स्टिकर; एफटीडीआय म्हणजे अशा केबलमधली चिप बनवणारी कंपनी. यूएसबीच्या टोकाचं काळं प्लास्टिक ब्लेडने उभं चिरलं की नखाएवढी हिरवी पट्टी दिसते. तिच्यावर एक चिप आहे, पण चिपवरची अक्षरं घासून काढली आहेत. लॅपटॉपला लावली की हीच चिप आपलं नाव 'प्रॉलिफिक', म्हणजे दुसऱ्याच चिप कंपनीचं, सांगते. पाकिटावर एक नाव, तोंडात दुसरं, आणि बनवली कुणी तिसऱ्यानेच.

घेणाऱ्याच्या हातात हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स येऊन महिना झाला होता. हँडी साधी, यूव्ही-५आर. त्याचे एकूण ४३०० रुपये गेले, आणि त्यात केबलचे ११००च. ७०० रुपये 'बोर्ड तपासणी'चे आणि २५०० रुपये 'ड्रायव्हर टाकून देतो' म्हणणाऱ्याचे. स्वस्तातली नकली केबल कुणालाही मिळू शकते, त्यात फार लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. पण केबल बंद पडल्यावर माणूस आधी स्वतःच्या लॅपटॉपवर आणि मग हँडीवर संशय घेतो, आणि पुढचे सगळे पैसे त्या संशयापायी जातात.

तीन आठवडे चालली, मग बंद

दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "सर, सगळ्या सेटला चालती की. लावलं की चालू." आणि लावल्यावर खरंच चालू होते. त्यामुळे शंका येत नाही.

संगणकाची यूएसबी आणि हँडीची सिरीयल भाषा यांच्यामध्ये दुभाषा लागतो. ते काम केबलमधली चिप करते. प्रॉलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपच्या इतक्या नकला बाजारात आल्या, की कंपनीने विंडोजसाठीच्या पुढच्या ड्रायव्हरमध्येच चिप तपासायची सोय केली. जुना ड्रायव्हर असेपर्यंत नकली चिप बिनबोभाट चालते. एखाद्या रात्री विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर आणून बसवतं आणि सकाळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसतो. खाली 'कोड १०' असतो, नाहीतर नावाच्या जागीच लिहून येतं : 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२. प्लीज कॉन्टॅक्ट युवर सप्लायर.' तोवर परत करायचे सात दिवस कधीच उलटून गेलेले असतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा संदेश अस्सल पण जुन्या एचएक्सए चिपलाही येतो, त्यामुळे संदेश दिसला म्हणजे नकली सिद्ध झालं असं नाही. मात्र २०१२ ला बंद झालेली चिप आज 'फ्रेश स्टॉक' म्हणून विकणाऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला नक्की मिळतो.

एफटीडीआयच्या नावाने होणारी नक्कल याहून जुनी कटकट आहे. २०१४ मध्ये त्या कंपनीचा जो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला, तो नकली एफटी२३२ चिपचा ओळख क्रमांक पुसून शून्य करायचा. चिप मुकी व्हायची. ओरड झाल्यावर तो मागे घेतला. २०१६ मध्ये दुसरी युक्ती आली : चिप नकली सापडली की डेटाच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' ही अक्षरं जायची. हँडीला ती काय कळणार? ती गप्प बसते आणि आपण हँडीलाच दोष देतो.

२५०० रुपयांचा ड्रायव्हर

इंटरनेटवर केबलचा ड्रायव्हर शोधला की वरच्या दोन-चार जागा जाहिरातींच्या असतात. तिथल्या एका पानावर 'सपोर्ट' म्हणून फोन नंबर होता. पलीकडचा माणूस आधी स्क्रीन आपल्या ताब्यात देणारं ॲप उतरवायला सांगतो, मग काळ्या खिडकीत भराभर अक्षरं फिरवून दाखवतो, 'व्हायरसमुळे पोर्ट लॉक झालाय' म्हणतो आणि पैसे मागतो. त्याने जे केलं ते काम पाच मिनिटांचं आणि फुकटचं आहे : डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'पोर्ट्स' खाली केबलवर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट'. यादीत जुनी आवृत्ती असेल तर ती निवडा. यूव्ही-५आरच्या प्रॉलिफिकवाल्या केबलसाठी जुनेजाणते हॅम ३.२.०.० ही आवृत्ती वापरतात. केबल काढून पुन्हा लावा. पुढच्या अपडेटला विंडोज पुन्हा नवी आवृत्ती आणू शकतं; तेव्हा हेच पुन्हा.

यादीत जुनी आवृत्ती नसेल तर भलत्या साइटवरून ड्रायव्हर उतरवू नका. गावातल्या एखाद्या हॅमकडे ती फाईल हमखास पडलेली असते.

केबल मेली आहे की फक्त विंडोजला नकोशी झाली आहे, हे बघायचा सोपा मार्ग लिनक्सचा. पेन ड्राइव्हवर उबुंटू घ्या, 'ट्राय'वर चालू करा, केबल लावा, टर्मिनलमध्ये 'sudo dmesg' ही आज्ञा द्या. शेवटच्या ओळींत 'ttyUSB0' दिसलं तर केबल जिवंत आहे. लिनक्स चिपची जात विचारत नाही.

आणि लॅपटॉपवरून हँडीत चॅनल भरायचं सॉफ्टवेअर, चर्प, फुकट आहे. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्यावं. 'चर्प फुल व्हर्जन, लायफटाइम की' असं सांगून सीडी नाहीतर पेन ड्राइव्ह विकणारा तुम्हाला हवा विकतोय.

बोर्ड गेला नव्हता, प्लग एक मिलिमीटर बाहेर होता

दुरुस्तीवाल्याने हँडी उघडून 'आयसी गेलाय, बोर्ड बदलावा लागेल' सांगितलं आणि तपासणीचे ७०० घेतले. हँडी ठणठणीत होती.

यूव्ही-५आरला दोन खाचा असतात, एक ३.५ मिलिमीटरची आणि एक २.५ मिलिमीटरची, आणि केबलचा जोडप्लग दोन्हींत एकदम बसतो. पण हँडीची कड जिथे गोलाकार वळते तिथे प्लगचं जाड प्लास्टिक अडतं आणि पिना पूर्ण आत जात नाहीत. डोळ्याला बसल्यासारखं दिसतं. चर्प मात्र 'रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड' म्हणत राहतं. हँडीवर अंगठा ठेवून प्लग जोरात दाबा. हलकासा 'टक' जाणवला पाहिजे. नाही जाणवला तर प्लगच्या प्लास्टिकची अडणारी कड कटरने थोडी तासा. हँडीची तासू नका.

प्लग लावताच हँडीवरचा लाल दिवा लागला तर लगेच काढा. दोन्ही प्लगांची मागची कडी, म्हणजे स्लीव्ह, एकमेकांना टेकली की हँडीला वाटतं तुम्ही बोलायचं बटण दाबलं आहे, आणि ती अँटेनातून ऊर्जा सोडू लागते. अर्धवट बसलेल्या प्लगमुळे किंवा आतून चुकीच्या जोडलेल्या केबलमुळे हे होतं. पूर्ण दाबूनही दिवा लागत असेल तर केबल परत.

सारखा दिसणारा प्लग, वेगळीच केबल

फसवणुकीचा हा प्रकार दुकानदारालाही पुष्कळदा माहीत नसतो, म्हणून त्याला लबाडी म्हणावं की अडाणीपणा, ते तुम्ही ठरवा. पैसे तुमचेच जातात.

एमडी-३८० सारख्या डिजिटल हँडीच्या केबलचा प्लग यूव्ही-५आरसारखाच दिसतो, पण तिच्यात चिपच नसते. ती हँडी स्वतःच यूएसबी बोलते, केबल म्हणजे नुसत्या तारा. ती यूव्ही-५आरला लावली तर लॅपटॉपला काहीच सापडणार नाही, आणि यूव्ही-५आरची केबल एमडी-३८०ला लावली तर केबल दिसेल, पण हँडी सापडणार नाही.

बिलिंगच्या यंत्रांसाठी मिळणारा नऊ पिनांचा सिरीयल कन्व्हर्टर तर लावूच नका. त्याच्या तारांवर उणे-अधिक कित्येक व्होल्ट असतात, साधारण ५ ते १२, आणि हँडीची सिरीयल पिन त्यासाठी बनलेली नाही. 'पुढे छोटा प्लग सोल्डर करून देतो' म्हणणारा तुमची हँडी जाळून देतो.

यूव्ही-के५ ही हँडी विकताना 'टाइप-सी आहे, डायरेक्ट मोबाइलला लागतो' असं सांगतात. ते टाइप-सी फक्त चार्जिंगसाठी आहे. प्रोग्रामिंग त्याच दोन प्लगांच्या केबलने होतं. मोबाइलवरून प्रोग्रामिंग करायचं तर अँड्रॉइड फोन ओटीजी चालणारा हवा, शिवाय त्या चिपला आणि त्या मॉडेलला चालणारं ॲप हवं. आयफोनला ही सिरीयल केबल लावून काही होत नाही, कुणी कितीही शपथ घेतली तरी.

मोबाइलवरून एपीआरएसची पॅकेट, म्हणजे रेडिओवरून जाणारे आपल्या ठिकाणाचे नि मजकुराचे छोटे संदेश, पाठवायची तर त्याची केबल वेगळी असते. तिच्यात डेटा जात नाही, आवाज जातो : फोनच्या हेडफोन-माइकच्या खाचेतून हँडीच्या माइकमध्ये आणि हँडीच्या स्पीकरमधून फोनच्या माइकमध्ये. प्रोग्रामिंग केबल या कामाला चालत नाही आणि ही केबल प्रोग्रामिंगला. 'दोन्हीला चालते' असं ऐकलं की उठा. चांगल्या ऑडिओ केबलमध्ये आवाज कमी करणारे रेझिस्टर आणि थेट वीज अडवणारे कपॅसिटर असतात. स्वस्तात नुसत्या सरळ तारा निघतात. मग आवाज फाटतो, पॅकेट कुणाला उलगडत नाही, आणि ही पॅकेट पुढे पाठवणाऱ्या अंतराळ स्थानकाच्या १४५.८२५ मेगाहर्ट्झवर तुम्ही नुसता गोंगाट पाठवता.

काउंटरवर पाच मिनिटं

लॅपटॉप सोबत न्या. केबल लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग 'हार्डवेअर आयडीज' बघा. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटीडीआय म्हणवणारी, ०६७बी आणि २३०३ म्हणजे प्रॉलिफिक, १ए८६ आणि ७५२३ म्हणजे सीएच३४०, १०सी४ आणि ईए६० म्हणजे सिलिकॉन लॅब्सची. पाकीट एक म्हणतं आणि क्रमांक दुसरं, तर तिथेच विषय संपला. क्रमांक जुळला तरी खात्री नाही, कारण नक्कल करणारा आधी क्रमांकच उचलतो. एफटीडीआयसाठी एक जादा युक्ती : त्याच डब्यातल्या दोन केबल आळीपाळीने लावा आणि अनुक्रमांक बघा. अस्सल चिपला प्रत्येकीचा वेगळा असतो. दोघींचा एकच आला तर डबाच बनावट.

आमचं मत विचाराल तर स्वस्त सीएच३४० उघडपणे सीएच३४० म्हणून विकत असेल तर बिनधास्त घ्या. तिचा ड्रायव्हर कधी वेगळा टाकावा लागतो, पण ती दुसऱ्या कंपनीचं नाव लावून येत नाही.

केबलवरच्या जाड गाठीला छोटा लोहचुंबक लावून बघा. आत फेराइट, म्हणजे तारेतून घुसणाऱ्या रेडिओ लहरी अडवणारी नळी, असेल तर चुंबक ओढला जातो. काही केबलच्या गाठीत नुसतं प्लास्टिक भरलेलं असतं. प्रोग्रामिंगला त्याने बिघडत नाही, पण ऑडिओ केबल लावून ५ वॅटवर बोललात की लॅपटॉपची यूएसबी झटके खाते, तेव्हा ती गाठ आठवते.

बिलावर 'यूव्ही-५आरसाठी, एफटीडीआय चिप' असं हाताने का होईना लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

'लायसन्स लागत नाही' म्हणणाऱ्याबद्दल

गणेशोत्सव किंवा गड्डा यात्रेच्या तोंडावर मंडळाच्या पोरांना यूव्ही-५आरच्या जोड्या 'लायसन्स फ्री' म्हणून गळ्यात मारल्या, तर वापरल्याचा गुन्हा त्यांच्या अंगावर येतो. विनापरवाना वापरता येणारा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, तोही त्यासाठी मान्यता मिळालेल्या कमी ताकदीच्या संचाला. यूव्ही-५आर त्यात बसत नाही. हॅमसाठी आधी परीक्षा, मग लायसन्स आणि त्यावर कॉलसाइन, म्हणजे हवेत सांगायचं तुमचं नाव. आणि तेव्हाही १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ एवढंच. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच 'लायसन्स फ्री' बोलबाल्यामुळे.

'चॅनल भरून देतो' हेही सावधपणे घ्या. दुसऱ्याच्या फाईलमध्ये पोलीस, रेल्वे, कुणाचंही चॅनल असू शकतं. चर्पमध्ये नेहमी आधी 'डाउनलोड फ्रॉम रेडिओ' करा, ती फाईल तारखेच्या नावाने जपून ठेवा, आणि त्याच फाईलमध्ये बदल करून परत चढवा. यूव्ही-५आरचे १२८ कप्पे, ० ते १२७. जे नको ते रिकामे करा.

पैसे आणि ती केबल

ॲपवरून स्क्रीन देऊन पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन, पहिल्या तासातच. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते. नेट बंद करा, ॲप काढा, बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. दुकानाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. बिल, पाकिटाचा फोटो आणि हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट, एवढं पुरतं.

कापलेली केबल टाकायची गरज नाही. प्लगकडच्या तारा शाबूत आहेत : बहुधा तीन. रंगावर जाऊ नका. मल्टिमीटर बीपवर ठेवून २.५ मिलिमीटर प्लगच्या स्लीव्हशी जी तार बीप देते ती ग्राउंड. सीएच३४० चा सुटा बोर्ड घ्या, त्यावरचा जंपर ३.३ व्होल्टवर, ग्राउंडला ग्राउंड, उरलेल्या दोन तारा टीएक्स आणि आरएक्सला, म्हणजे पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या पिनांना. बोर्डाची ५ व्होल्टची पिन मोकळी राहू द्या. हँडी चालू, आवाज पूर्ण, चर्पमध्ये डाउनलोड. 'रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड' आलं तर त्या दोन तारांची अदलाबदल करा. याच केबलला दुसऱ्या खेपेस चर्पमधली डाउनलोडची निळी पट्टी सरकली.