घरभाड्याच्या केसला फुकट वकील: फोनवरचा सल्ला, लॉ कॉलेज की विधी सेवा प्राधिकरण?

घरमालकाची नोटीस आली की घरातलं पहिलं वाक्य असतं "आता वकील कसा परवडणार". आमच्याकडेही तेच झालं. आई पेठेतल्या वाड्यात राहते, तळमजल्यावर दोन खोल्या, भाडं महिना ९० रुपये, पावत्या बाबांच्या नावाच्या. वाडा विकला गेला, नवीन मालकाने भाडं घेणंच बंद केलं, आई मनीऑर्डर करायची ती "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत यायची, आणि वर्षभराने त्याच मालकाची नोटीस आली की भाडं थकलंय आणि मला स्वतःला जागा हवीय, खोल्या खाली करा. तेव्हा मी फुकट मदतीचे तिन्ही रस्ते चालून बघितले. शेवटी ज्यावर थांबलो तो बरोबरच होता असं छातीठोक सांगणार नाही, पण आज पुन्हा नोटीस आली तर मी कुठे जाईन हे मला पक्कं माहीत आहे.

आधी फोन. १५१०० ही नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आणि टेली-लॉ, म्हणजे गावातल्या सीएससी सेंटरवरून, म्हणजे सरकारी सेवा केंद्रावरून, किंवा १४४५४ वरून वकिलाशी बोलायचं. याला उगाच नावं ठेवू नका, सुरुवातीला याच्याइतकं सोपं काही नाही. आम्हाला नोटीस शुक्रवारी संध्याकाळी मिळाली, आईला रात्रभर झोप नाही, पोलीस येऊन सामान रस्त्यावर टाकतील असं तिच्या डोक्यात बसलेलं. फोनवरच्या वकिलाने पाच-सात मिनिटांत सांगितलं की असं कोणी घरात घुसून काढू शकत नाही, भाडं थकलं म्हणून दावा लावायचा तर लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस मालकाला थांबावं लागतं, आणि तोवर पाणी किंवा लाईट तोडली तर महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टात अर्ज करता येतो. तेवढं ऐकून आई जेवली. ज्यांचा प्रश्न एका बैठकीत संपणारा आहे, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचं डिपॉझिट मालक परत देत नाहीये किंवा अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच केलेलं नाही, त्यांनी पहिल्यांदा फोनच करावा असं मला वाटतं. रजिस्टर करायची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकावर असते आणि त्याने ते केलं नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरतात, ही गोष्ट किती जणांना माहीतच नसते, आणि एवढं कळलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

पण फोन म्हणजे सल्ला. तिथून तुमच्या तारखेला कोर्टात कोणी येऊन उभं राहत नाही. दुसऱ्यांदा फोन केला की दुसरा वकील असू शकतो, साहजिक आहे, पण मग वाडा, बाबा, मनीऑर्डर सगळं परत सांगायचं. तेव्हा मला ते एवढं टोचलं नव्हतं कारण फोनवर मीच बोलत होतो.

मग लॉ कॉलेज. कोणाचं कॉलेज ते सांगत नाही, त्याची गरजही नाही, कारण मुलं खरंच चांगली होती. लीगल एड क्लिनिक होतं, आठवड्यातून दोन दुपारी, एक मॅडम आणि शेवटच्या वर्षाची तीन-चार मुलं. इतक्या आदराने आईशी इतर कुठेच कोणी बोललं नाही, एका मुलीने खुर्ची पुढे ओढून दिली, पाणी आणलं, आईची पावतीन् पावती बघितली. आईकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात बाबांच्या वेळच्या भाडेपावत्या वर्षावर्षाच्या गठ्ठ्यांनी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या, आणि सगळ्यात वर परत आलेल्या मनीऑर्डरींची कागदं. त्या मुलीने प्रत्येक गठ्ठा सोडला, वाचला आणि पुन्हा तसाच बांधला. नोटिशीचं उत्तरही मुलांनी लिहायला घेतलं, कच्चा मसुदा मी वाचलाय, छान होता, बाबा गेल्यावर त्यांच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरूचा हक्क कसा मिळतो हे नीट मांडलेलं.

आणि मग परीक्षा आली. दोन आठवडे क्लिनिक बंद. परत गेलो तर ती मुलगी नाही, दुसरा मुलगा, वही उघडून म्हणाला, "काकू, काय प्रॉब्लेम आहे सांगा." मसुदा कोणाच्या तरी लॅपटॉपवर होता. आईने परत सगळं सांगितलं, लग्न होऊन त्या वाड्यात आली तिथपासून, कारण तिला मधूनच सुरू करता येत नाही. बाबांच्या आजारपणाचा भाग आला की तिचा आवाज बसतो, तिथे ती थांबली, परत सांगितलं. पुढच्या खेपेला तिसरी मुलगी. "आजी, तुमची केस काय आहे?" आई काही बोललीच नाही. डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर ठेवून नुसती बसून राहिली. मी सांगायला लागलो तर मला म्हणाली, "चल घरी."

माझ्यासाठी तिथेच ठरलं. बाकीचे फायदे-तोटे मी नंतर जुळवले असं म्हटलं तरी चालेल. सत्तरीतल्या बाईला तिच्या घराची गोष्ट दर पंधरा दिवसांनी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायला लावणं हे मला सहन झालं नाही. त्यात त्या मुलांची चूक नाही हेही मला कळतं, ती शिकायला आलेली असतात, वर्ष संपलं की जाणार. दुसरीही एक अडचण आहे जी आधी लक्षात येत नाही, विद्यार्थ्याला कोर्टात तुमच्या वतीने उभं राहता येत नाही, त्याला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना लागतो. म्हणजे मसुदा, अर्ज, माहिती अधिकार, सोसायटीला पत्र इथपर्यंत क्लिनिक उत्तम, आणि दावा लागला की वकील शोधायचाच आहे. तुमच्या ओळखीच्या कॉलेजात कायम बसणारा वकील असेल आणि फाईल नीट ठेवत असतील तर माझा हा सगळा अनुभव बाजूला ठेवा.

तिसरा रस्ता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे फुकट वकील देणारं सरकारी ऑफिस. तालुक्याला असाल तर तालुका विधी सेवा समिती, ती तिथल्या कोर्टातच असते. हे ऑफिस बघून पहिल्यांदा आईचा चेहरा उतरला होता. कोर्टाच्या आवारात, बाहेर बाकावर रांग, आत दोन टेबलं, एक पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे वकील नसलेला मदतनीस, फॉर्म भरून देणारा. खुर्ची कोणी पुढे ओढली नाही. आधार, रेशनकार्ड, नोटिशीची झेरॉक्स, अर्जावर सही. उत्पन्नाचा दाखला मी तलाठ्याकडून काढायला निघालो होतो तर त्या व्हॉलंटिअरनेच अडवलं, "अर्ज आजींच्या नावावर आहे ना, मग नको." १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये बायकांना उत्पन्नाची अटच नाही. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, लहान मुलं, कारखान्यातले कामगार अशा आणखी काही जणांनाही नाही. उरलेल्यांना महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं. इथे लोक हमखास घोळ घालतात म्हणून सांगतो, घरातला कमावता मुलगा सगळी धावपळ करत असतो म्हणून तोच स्वतःच्या नावाने अर्ज करतो आणि त्याचा पगार आडवा येतो. नोटीस आईला आहे, भाडेकरू आई आहे, अर्ज आईनेच करायचा. मालकीणबाई असतील तर त्यांनाही हाच हक्क आहे हेही लक्षात असू द्या, समोरच्या बाजूलाही फुकट वकील असू शकतो.

आठवड्याभरात पत्र आलं, त्यावर वकिलाचं नाव आणि एक नंबर. वकील बाई होत्या, घाईत असायच्या, पहिली भेट कोर्टाच्या जिन्यात, त्यांची दुसरीकडे तारीख होती. आईला वाटलं ह्या काय ऐकणार. त्यांनी डबा उघडला, भाडेपावत्या बाजूला ठेवल्या आणि परत आलेल्या मनीऑर्डरी उचलल्या. "हे कोणाला देऊ नका, झेरॉक्स काढा आणि ओरिजिनल माझ्याकडे कोर्टात द्यायला आणा." भाडं द्यायची तयारी होती आणि घेतलं नाही, हे दाखवणारा कागद तोच होता, ज्याकडे आधी आम्हीच नीट बघितलं नव्हतं. मग एकदा, एकदाच, त्यांनी आईला सगळं सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. पाऊण तास लागला. ती पानं फाईलला लागली.

पुढे दावा लागला, समन्स आलं. त्यांनी सांगितलं की समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळं थकलेलं भाडं, त्यावर १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरायचा आणि केस संपेपर्यंत दर महिन्याचं भाडं भरत राहायचं, म्हणजे थकबाकीच्या कारणावरून खाली करायचा हुकूम होत नाही. महिना ९० रुपयांवर व्याज ते किती होणार, पण मुदत चुकली असती तर घर गेलं असतं. मालकाला स्वतःला जागा हवी हा दुसरा मुद्दा अजून चालू आहे, त्यात जास्त हाल कोणाचे होतील हे कोर्ट बघतं. कैफियत (म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर), वकीलपत्र, नकला, कशालाच आम्हाला फी द्यावी लागली नाही. पॅनल वकिलाने, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतून दिलेल्या वकिलाने, तुमच्याकडे पैसे मागायचे नसतात, कोणी मागितलेच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या, ते स्वतः न्यायाधीश असतात. वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागायचा अर्जही तिथेच.

तोटे आहेतच, लपवत नाही. फोन दर वेळी उचलला जाईल असं नाही, दोन वेळा आम्ही कोर्टात जाऊन नुसती पुढची तारीख घेऊन आलो, आणि खाजगी वकील जसं चहा पाजून अर्धा तास समजावतो तसं इथे होत नाही. माझ्या एका मित्राला मिळालेला पॅनल वकील त्याला अजिबात आवडला नाही, म्हणजे नशिबाचाही भाग आहे. ज्याच्या हातात महिन्याला चार पैसे सुटे आहेत आणि ओळखीचा चांगला वकील आहे त्याने कदाचित तिकडेच जावं. आणि दोघांनाही तडजोड हवी असेल तर दावा लागायच्या आधीच लोक अदालतीत प्रकरण ठेवायचा अर्ज याच ऑफिसात करता येतो, फक्त तिथे सही करताना नीट वाचा, लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

म्हणून मला विचाराल तर, नोटीस मिळालेल्या रात्री फोन करा, धीर येतो. कॉलेज जवळ असेल तर कागद लावून घ्यायला जा. पण दावा लागणार असं दिसत असेल तर या दोन्हींत महिना घालवू नका, आम्ही घालवला, सरळ प्राधिकरणात अर्ज टाका आणि नोटिशीच्या पाकिटावर ती कोणत्या तारखेला हातात पडली ते पेनने लिहून ठेवा.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या वकीलबाईंची पॅनलवरची मुदत संपली आणि नवीन वकील दिले. आई दोन दिवस आधीपासून गप्प होती, डबा पुसून पिशवीत ठेवला होता. नवीन वकिलांनी फाईल उघडली, ती पानं वाचली आणि विचारलं, "आजी, या महिन्याचं भाडं भरलं ना कोर्टात?" आईने पिशवीतून चलन काढून दिलं.