महिला आणि अल्पसंख्याक उद्योजकांसाठी कर्ज-अनुदान: महाराष्ट्रात कोणाला कोणती योजना सोयीची?

'पस्तीस टक्के सबसिडी' हे शब्द कानावर पडले की पुढचं कुणी ऐकत नाही, हे बचत गटांच्या बैठकांमध्ये मी कायम बघते. आठ लाखांच्या धंद्याला दोन लाख ऐंशी हजार सरकार देणार, मग आणखी काय हवं! पण ते पैसे हातात पडत नाहीत. बँक आधी कर्ज देते. अनुदान आलं की ते त्याच बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतं. मुदत संपल्यावर प्रत्यक्ष पाहणी होते आणि युनिट चालू दिसलं तरच ती रक्कम कर्जात वळती होते. युनिट उभंच राहिलं नाही तर अनुदान परत जातं आणि कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं.

म्हणून माझं सांगणं असं की टक्केवारी सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन गोष्टी नक्की करा. धंदा नवा आहे की चालू? पैसा मशीनसाठी हवा की मालासाठी? आणि जागा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे की नगरपालिकेच्या? या तीन उत्तरांवर निम्म्याहून अधिक योजना आपोआप गळतात आणि निवड सोपी होते.

नवा धंदा: पीएमईजीपी की पीएमएफएमई

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, २००८ पासून चालू आहे. उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प यात बसतो. महिला आणि अल्पसंख्याक दोघंही 'विशेष प्रवर्गा'त येतात. त्यामुळे स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात आणि अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळतं. सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाला हेच आकडे १० टक्के स्वतःचे आणि १५ किंवा २५ टक्के अनुदान असे लागतात. एक बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, जैन, शीख किंवा पारशी पुरुषालाही इथे महिलांइतकंच अनुदान आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद असते, तो दाखला शोधून ठेवा.

आता जागेचं बघू. २०२२ पासून या योजनेत पंचायत राज व्यवस्थेखालचा सगळा भाग ग्रामीण धरला जातो आणि नगरपालिका, महापालिकेचा शहरी. म्हणजे गावाच्या वेशीबाहेरची शेड नगरपंचायतीच्या हद्दीत आहे की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या, यावर १० लाखांच्या प्रकल्पात सरळ एक लाखाचा फरक पडतो. पुण्याभोवतीची २३ गावं २०२१ मध्ये महापालिकेत गेली. लोक अजूनही त्यांना गावच म्हणतात, पण अर्जात ती शहरच. भाडेकरार करण्याआधी हे तपासा, नंतर तपासून उपयोग नाही.

अट एकच, पण पक्की: युनिट नवं हवं. गेली चार वर्षं घरी मसाले करून विकणारी बाई उद्यम नोंदणीसह (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) चालू धंदा दाखवत असेल, तर पहिल्या कर्जासाठी हे दार बंद आहे. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, हेही घरात आधी बोलून घ्या. नवऱ्याने पूर्वी घेतला असेल तर बायकोचा अर्ज अडतो.

खाद्यपदार्थांचं काम असेल तर मात्र पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, जरूर समोर ठेवा. ही जून २०२० मध्ये आली आणि महाराष्ट्रात कृषी विभाग राबवतो. इथे चालू धंदाही चालतो. अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख, आणि शहर-खेडं असा भेद नाही. स्वतःचे किमान १० टक्के लागतात.

आठ लाखांच्या पापड-मसाला युनिटचा हिशेब मांडू. ग्रामीण भागात दोन्हीकडे अनुदान सारखंच, २,८०,००० रुपये. पण पीएमईजीपीत स्वतःचे ४०,००० आणि पीएमएफएमईत ८०,००० घालायचे. जमवाजमव कठीण असेल तर पीएमईजीपी बरी. तेच युनिट नाशिक किंवा सोलापूर शहरात असेल तर पीएमईजीपीत २,००,००० मिळतात, पीएमएफएमईत मात्र २,८०,०००च. शहरातल्या बाईने खाद्यप्रक्रियेसाठी पीएमईजीपीकडे जायचं कारण मला तरी फारसं दिसत नाही. रक्कम मोठी झाली की पारडं पुन्हा फिरतं. साधारण साडेअठ्ठावीस लाखांच्या पुढे पीएमएफएमईचं अनुदान १० लाखांवर थांबतं, ग्रामीण पीएमईजीपीत ५० लाखांच्या उत्पादन प्रकल्पाला ते साडेसतरा लाखांपर्यंत जातं.

आणखी एक फरक कागदावर दिसत नाही, पण धंद्यात जाणवतो. पीएमएफएमईचं अनुदान मशीन आणि तांत्रिक बांधकामावर मोजतात, खेळत्या भांडवलावर नाही. उडीद डाळ, मिरची, तेल, पॅकिंग यांचा पैसा वेगळा उभा करावा लागतो. पीएमईजीपीत खेळतं भांडवल प्रकल्प खर्चातच धरता येतं. पापडाचं मशीन दारात उभं आहे आणि डाळ घ्यायला पैसे नाहीत, अशी अवस्था मी जवळून बघितली आहे. त्या बाईचं कोटेशन चोख होतं, मशीन चांगलं होतं, फक्त पहिल्या दोन महिन्यांच्या मालाचा आकडा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुणी लिहिलाच नव्हता.

पीएमएफएमईत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल करून देणं, बँकेकडे पाठपुरावा करणं हे त्यांचं कामच आहे आणि त्याचा मोबदला त्यांना योजनेतून मिळतो. त्यांना तुम्ही काही द्यायचं नाही. पहिल्यांदाच बँकेची पायरी चढणाऱ्या बाईला ही सोबत पाच-दहा टक्के जास्त अनुदानापेक्षा मोलाची वाटते, आणि मला ते पटतं.

या दोन्ही केंद्रीय योजनांना मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती. तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवर नवे अर्ज घेणं चालू आहे का, हे बघूनच पुढच्या धावपळीला लागा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. तो बराचसा पीएमईजीपीच्याच धर्तीवर चालतो, त्यात ३० टक्के लाभार्थी महिला असाव्यात असं ठरवलेलं आहे आणि जिल्हा उद्योग केंद्रात त्याची माहिती मिळते. हा कार्यक्रम आणि पीएमईजीपी यांपैकी एकाच योजनेचं अनुदान घेता येतं.

चालू धंदा: मुद्रा की अल्पसंख्याक महामंडळ

मुंब्र्यात घरी चार मशीन टाकून बुरखे शिवणारी एखादी बाई धरा. रमजानच्या आधी दोन लाखांचं कापड उचलायचं आहे, ईदनंतर पैसे मोकळे होतात. तिच्यासाठी अनुदानाच्या योजना जवळजवळ निरुपयोगी आहेत, कारण धंदा जुना आहे आणि गरज मालाची आहे. तिला मुद्रा सोयीची.

मुद्रा, म्हणजे लहान धंद्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना, ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. शिशु ५०,०००पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. 'तरुण'चं कर्ज फेडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतचं तरुण प्लस. तारण लागत नाही. अनुदान मात्र शून्य, आणि व्याज बँक ठरवते. मुद्रा स्वतः कुणाला कर्ज देत नाही, बँकच देते. मालासाठी पैसे हवे असतील तर मुदत कर्ज घेऊ नका, कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट मागा. वापरलं तेवढ्यावरच व्याज लागतं, ईदनंतर पैसे भरले की व्याज थांबतं. 'कॅश क्रेडिट' हा शब्द आपल्या तोंडून गेला नाही तर समोरचा अधिकारी बहुधा मुदत कर्जाचाच फॉर्म पुढे करतो.

त्याच बाईला आणखी दोन मशीन घ्यायची असतील तर उत्तर बदलतं. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास आणि वित्त महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झालं. महाराष्ट्रात त्याचा पैसा मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत येतो. मुदत कर्जाचे दोन गट आहेत. पहिला कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, २० लाखांपर्यंत, ६ टक्के व्याज. दुसरा वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी, ३० लाखांपर्यंत, पुरुषांना ८ टक्के आणि महिलांना ६. कारागिरांसाठी 'विरासत' नावाची वेगळी योजना आहे, त्यात १० लाखांपर्यंत पहिल्या गटातल्या पुरुषांना ५ आणि महिलांना ४ टक्के.

पाच लाख, पाच वर्षं. ६ टक्क्यांनी हप्ता साधारण ९,६६६ रुपये, बँकेच्या ११ टक्क्यांनी १०,८७१. महिन्याला बाराशे, पाच वर्षांत ७२ हजारांची बचत. पण हाच धंदा नवा असता तर पीएमईजीपीत पाच लाखांवर शहरातसुद्धा सव्वा लाख अनुदान होतं. म्हणजे नव्या धंद्याला स्वस्त व्याजापेक्षा अनुदान जड आणि चालू धंद्याला स्वस्त व्याज जड. महामंडळाची अडचण जामीनदाराची आणि निधीची. निधी येईल तसं वाटप होतं, आणि सध्या किती रकमेपर्यंतचे अर्ज घेतात हे जिल्हा कार्यालयात विचारूनच कळतं. सणासाठी माल भरायचा असेल तर या वाटेवर विसंबून राहू नका. मशीन घ्यायला सहा महिने थांबता येत असेल तर जरूर अर्ज टाका.

बौद्ध उद्योजकांना महाराष्ट्रात दोन दारं आहेत, याची जाणीव मला अनेकांमध्ये दिसत नाही. बौद्ध म्हणून अल्पसंख्याकांच्या योजना आहेतच. पण नवबौद्ध म्हणून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीज भांडवल योजनाही आहे. तिच्यात महामंडळ २० टक्के रक्कम ४ टक्के व्याजाने देतं, ७५ टक्के बँकेची आणि ५ टक्के आपली. दोन्ही कार्यालयांत जाऊन चौकशी करा, मग जातीचा दाखला पुढे करायचा की धर्माची नोंद ते ठरवा.

गटातून की एकटीने

लहान रकमेसाठी गट हाच उत्तम मार्ग. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) गटाला ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं आणि १० लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. पीएमएफएमईत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे. दहा जणींचे चार लाख होतात, आणि डाळ-मिरचीचा वर सांगितलेला प्रश्न बहुतेक इथेच सुटतो. बँक गटाची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री बघते. वही नीट असेल तर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीच्या, आधी ती वहीच बोलते. गटाच्या पैशांत मात्र एकटीचा मोठा धंदा उभा करू नका. तुमचा हप्ता थकला तर बाकीच्या नऊ जणींचं पुढचं कर्ज अडतं.

रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर १५,०००, मग २५,०००, मग ५०,००० अशा तीन पायऱ्या आणि ७ टक्के व्याज अनुदान. ही मुदत मार्च २०३० पर्यंत आहे.

मोठी रक्कम आणि खरंखुरं अनुदान

दहा लाख ते एक कोटीसाठी स्टँड-अप इंडिया होती. महिला आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्यासाठी. तिची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. जुनी माहितीपत्रकं अजून फिरतात, त्यांवर विसंबू नका. २०२५ च्या अर्थसंकल्पात पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्या पाच लाख महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी २ कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची घोषणा झाली. बँकेत या घोषणेचा उल्लेख करून विचारणा करा.

कर्जाशिवायचं अनुदान हवं असेल तर राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना बघा. १ लाख ते २५ लाख रुपये, परत न करायचे. अटी कडक आहेत: केंद्राच्या उद्योग विभागाकडे स्टार्टअप म्हणून मान्यता, महिलेचा किमान ५१ टक्के हिस्सा, किमान एक वर्षाचं काम आणि १० लाख ते १ कोटी उलाढाल. पापड-शिवणकामाच्या युनिटसाठी हिच्या मागे वेळ घालवू नये. तंत्रज्ञानावर उभ्या असलेल्या कंपनीने मात्र आधी इथेच यावं.

कोकणात घराला जोडून होमस्टे काढायचा असेल तर पर्यटन विभागाचं 'आई' धोरण आहे. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज सरकार परत देतं, सात वर्षं किंवा साडेचार लाख होईपर्यंत. आधी आपण भरायचं, मग परतावा, म्हणून पहिल्या हंगामाची गंगाजळी हाताशी हवी.

सही करण्याआधी

कर्ज कोणाच्या नावावर, धंदा कोणाच्या हातात? महिला म्हणून जास्त अनुदान मिळतं म्हणून सुनेच्या नावावर अर्ज करायचा आणि व्यवहार मुलाने बघायचा, हे मला मनापासून खटकतं. हप्ता थकला की नोटीस तिला येते, सिबिल तिचं खराब होतं, आणि पुढे तिला स्वतःचं काही करायचं असेल तर दार बंद झालेलं असतं. खात्याचं पासबुक आणि एटीएम कार्ड तिच्याच हातात राहणार असेल तरच सही करावी. नवऱ्याची थकबाकी तिच्या नोंदीत येत नाही, पण ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर येते. मायक्रोफायनान्सचे हप्तेही दिसतात. सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक अहवाल मोफत मिळतो, तो आधी काढून बघा.

उद्यम नोंदणी मोफत आहे. पीएमईजीपीचा ऑनलाइन अर्जही मोफत. मुद्रासाठी कुणी दलाल नेमलेला नाही. व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र आलं आणि आधी 'प्रक्रिया शुल्क' भरा असं म्हटलं असेल, तर ते पत्र खोटं आहे. एक रुपयाही भरू नका, तेच पत्र घेऊन जवळच्या बँक शाखेत जा आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवा.