ओझरला लँडिंग सोडून विमान पुन्हा वर नेले जाते तेव्हा

पावसाळ्यात ओझर विमानतळावर उतरताना वैमानिकाने ऐनवेळी लँडिंग सोडून विमान पुन्हा वर नेले, आणि बेंगळुरूहून नाशिकला येणाऱ्या या विमानसेवेबद्दल लिहिताना त्या निर्णयाला मी सर्वांत वरचे स्थान देतो. चाके खाली आली होती, पंखांवरचे फ्लॅप पूर्ण उघडले होते आणि खिडकीबाहेर ढगांतून मधूनच एखादे शेततळे दिसत होते. तेवढ्यात इंजिनांचा आवाज एकदम वाढला, पाठ आसनाला चिकटली आणि चाके परत आत गेल्याचा धक्का जाणवला. शेजारच्या निफाडच्या आजींनी माझा हात धरून विचारले, "काय झालं हो? उतरत का नाही?"

त्यांना मी सांगितले तेच इथे लिहितो. ठरावीक उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी वा तिचे दिवे दिसत नसतील, किंवा वेग, उंची आणि दिशा ठरलेल्या मर्यादेत नसतील, तर वैमानिकाने वर जाणेच अपेक्षित असते, त्याचा सरावही त्यांच्याकडून नियमित करून घेतला जातो. पर्यायी विमानतळापर्यंत पोहोचून त्यानंतरही ३० मिनिटे हवेत राहता येईल एवढे इंधन जेट विमानात धरलेले असते, त्यामुळे आकाशात थांबणे म्हणजे संकट नव्हे. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला पहिला प्रयत्न सोडलेले विमान दुसऱ्या वेळी पावसात, मागून वारा असताना, जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर टेकले आणि पुढे दरीत जाऊन २१ जणांचा जीव गेला. तिथे दुसऱ्यांदाही वर जायला हवे होते. म्हणून "लँडिंग फेल झाले" असे मोठ्याने बोलणाऱ्या सहप्रवाशांशी मी सहमत नाही.

माझी तक्रार उद्घोषणेबद्दल आहे. वैमानिकाने आधी विमान सांभाळावे, मग दिशा पाहावी आणि प्रवाशांशी नंतर बोलावे, हा क्रम योग्यच आहे, परंतु विमान वर स्थिरावल्यावरही बराच वेळ कोणी काही सांगितले नाही, आणि जे सांगितले ते इंग्रजी व हिंदीत होते. नाशिकच्या विमानात मराठीत दोन वाक्ये, "हवामानामुळे आपण पुन्हा प्रयत्न करणार आहोत, विमान सुरक्षित आहे", एवढी तरी तयार ठेवायला हवीत, कारण त्या शांततेत लहान मुले आणि वृद्ध सर्वांत जास्त घाबरतात. केबिनमधील कर्मचाऱ्यांनी मात्र उठू पाहणाऱ्यांना ठामपणे, तरीही आदराने बसवले.

सर पुढे सरकल्यावर दुसऱ्या प्रयत्नात विमान उतरले. चाके जोरात टेकली म्हणून काहींनी नाराजी व्यक्त केली, पण ओल्या धावपट्टीवर चाकांखालचे पाणी बाजूला होऊन पकड मिळावी यासाठी तसेच ठामपणे टेकवणे योग्य असते. सामान लवकर मिळाले.

या सेवेने मी पुन्हा प्रवास करीन. जून ते सप्टेंबर या काळात ओझरला उतरून नाशिकरोडहून पुढची गाडी पकडणाऱ्यांनी मात्र हाताशी भरपूर वेळ ठेवावा, कारण दुसरा प्रयत्नही सोडावा लागला तर विमान अन्य शहराकडे वळवले जाऊ शकते.